न रागावणाऱ्या उमेदवाराच्या गावी

एम.ए.च्या राज्यशास्त्राच्या पेपरात मला एक प्रश्न आला होता. राज्याच्या निवडणुकीत मवाळ उमेदवाराचं बरं चालतं की कडव्याचं? मी साडेचार पानं लिहिली. मवाळाचं, असं ठासून लिहिलं. कारण बहुतेक मतदार मधले असतात आणि मधल्यांना मधलाच माणूस आवडतो. सरांनी गुण चांगले दिले. माझे वडील गवंडी. आमच्या घराण्यात पुस्तकातलं वाचून ते स्वतःच्या शब्दांत कागदावर उतरवणारी मी पहिली, त्यामुळे त्या साडेचार पानांचा मला अभिमान होता, आणि तो मी कधी लपवला नाही. विधानसभेच्या निवडणुकीत खानदेशात जाऊन आले, तेव्हा त्या पानांचं काय झालं ते सांगते.

जायचं कारण वैशाली. कोल्हापूरला आम्ही दोघी लेडीज हॉस्टेलच्या एकाच खोलीत. ती फार्मसीला, मी बी.ए.ला. आता तिचं धुळ्यात औषधांचं दुकान आहे आणि मी कराडजवळ ज्युनिअर कॉलेजात शिकवते. तिचा फोन आला, "नाना उभे राहतायत गं. तिसऱ्यांदा. दोनदा पडले, आता पडले तर राजकारणाला रामराम म्हणतायत. तू ये. तुझं राज्यशास्त्रही होईल, आणि भरिताचे दिवस आहेत."

नाना म्हणजे तिचे वडील. कॉलेजला आठ दिवस सुट्टी टाकली आणि निघाले.

जळगाव

वैशाली स्टेशनवर घ्यायला आली होती. तिथून थेट तिच्या ओळखीच्या एका शेतावर, भरीत खायला. आमच्याकडं भरीत म्हणजे ताटाच्या कडेला डावभर, दही घालून. जळगावकडं भरीत हा समारंभ असतो. हिरवी, पांढरट, हातभर लांब वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर टाकतात, साल करपून सुटली की सोलतात आणि मोठ्या काठवटीत हिरवी मिरची-लसणासकट बडवतात. वर शेंगदाणे, कांद्याची पात आणि तेल. तेल किती, ते मी आईला सांगितलं नाही. सोबत कळण्याची पुरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची.

जेवताना पंगतीत कोण कुठल्या पार्टीचं, हे मला कळायला लागलं ते वाढप्यांमुळं. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "त्याले कमी वाढ. तो तिकडचा शे." आणि ज्याच्याबद्दल बोलला त्याच्याच पानात दोन डाव जास्त टाकले. सगळे हसले. मला वाटलं, माझी साडेचार पानं इथं पहिल्याच पंगतीला सिद्ध झाली.

सावदा

दुसऱ्या दिवशी सावद्याला, वैशालीच्या मामांकडे. मामा केळीचे व्यापारी. सावद्याच्या बाजूला बोली बदलते, पंगतीत ऐकलेलं अहिराणी 'शे', म्हणजे 'आहे', इथं ऐकू येत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा अशा दाट, की दुपारी तीनलाही आत सावली निळसर दिसते. बागेत माणसं अख्खे घड खांद्यावर घेऊन चालत होती, पोटाशी धरलेल्या लेकरासारखी जपून, आणि ट्रकशेजारी अंथरलेल्या पानांवर टेकवत होती. सगळी केळी हिरवीगार. एका घडाच्या टोकाला दोनच केळी पिवळी झाली होती. तो घड मामांनी बाजूला काढायला लावला.

"का हो मामा? हाच तर खाण्यासारखा."

"इथं खाण्यासारखा. दिल्लीपर्यंत नाही पोचत. गोड झालेलं गाडीत चढवत नाहीत, बाई."

त्यातली दोन केळी त्यांनी मला दिली. मी खात खात त्यांना माझा सिद्धांत सांगितला. मतदार मधे असतात, म्हणून नाना निवडून येणार. मामा दहावी नापास आहेत, हे त्यांनी स्वतःच मला आल्या आल्या सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुमचं. मधले लोक जास्त आहेत. फक्त मतदानाच्या दिवशी मधले असतात वावरात, आणि कडेचे असतात रांगेत."

"असं कसं? मत तर सगळ्यांनाच द्यायचं असतं."

"लग्नालाही सगळ्यांनाच यायचं असतं. जो रुसेल त्याच्याकडे आधी जातात, जो समजून घेईल त्याच्याकडे नंतर." मग वैशालीकडे बघून म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, एकदा तरी जरा आवाज चढव म्हणा. मेहुणा म्हणून सांगतोय."

वैशालीला त्याच संध्याकाळी गावाकडून बोलावणं आलं, ती मामांच्या गाडीनं पुढे गेली. मला गिरणा बघायची होती, म्हणून मी सकाळच्या एसटीनं भडगावमार्गे निघाले.

भडगाव, आणि चुकीची रिक्षा

भडगावच्या पुलावरून गिरणा पाहिली. आमच्या कृष्णेसारखी ती भरून वाहत नव्हती. रुंद वाळूतून पाण्याच्या दोन-तीन धारा आणि त्यांत उभ्या म्हशी. शेजारच्या बाईला म्हटलं, "नदी मोठी आहे, पाणी कमी आहे." तर ती म्हणाली, "नदीलाबी कधी कधी बसू द्यावं ना थोडं."

नानांचं गाव धुळ्याकडं, पांझरेच्या काठी. फाट्यावर उतरले तर एकही वाहन नाही. तेवढ्यात एक रिक्षा आली, वर दोन भोंगे, चारी बाजूंनी पोस्टर आणि गाणं चालू. मी हात केला.

"नानांकडं जायचंय."

"बसा ना ताई."

अर्ध्या वाटेत गाण्याचे शब्द कानात शिरले आणि मी पोस्टर नीट बघितलं. फोटो नानांचा नव्हता. मिशीवाला, बोट उगारलेला चाळिशीतला माणूस. ते भैय्या. नानांचे विरोधक.

"अहो, ही गाडी तर त्यांच्या विरोधातली!"

"गाडी भैय्यानी शे. रस्ता बठ्ठासना शे," ड्रायव्हर म्हणाला. रस्ता सगळ्यांचा, असं.

"मग निदान गाणं तरी बंद करा. नानांच्या दारात असं कसं जायचं?"

"बंद नही करता येत ताई, दिवसभर वाजवानं ठरेल शे. मी भैय्याना माणूस. पन नाना मना मामा लागतस."

अशी मी नानांच्या अंगणात उतरले, विरोधकाच्या रिक्षातून, विरोधकाचं गाणं वाजवत. अंगणात नानांचे पन्नास कार्यकर्ते बसले होते. ते आधी गप्प झाले, मग एकदम हसले. नाना स्वतः पुढं आले. उंच, बारीक, टोपी, पायात साध्या चपला. त्यांनी माझी पिशवी घेतली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चहा घे रे. गाणं चालू राहू दे, तुझं काम आहे ते."

नानांचा पुतण्या गोकुळ त्यांचा प्रचार बघत होता. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "हे असं आहे बघा, प्रोफेसर," तो मला म्हणाला. "ह्यांना राग येत नाही. निवडणूक आहे, काय करायचं ह्या माणसाचं?"

प्रचाराचा शेवटचा दिवस

त्या दिवशी तालुक्याच्या बाजारपेठेत दोन्ही सभा होत्या, एकाच वेळी, मधे फक्त एक गल्ली. गोकुळनं रात्रभर जागून एक कागद तयार केला होता. भैय्यांनी काय काय म्हटलं होतं, कुठली आश्वासनं पाळली नव्हती, सगळं. भैय्या प्रत्येक सभेत सांगत होते, तिकडच्या पार्टीच्या लग्नात जेवायला जाऊ नका, त्यांच्या दुकानात चहा पिऊ नका. "नाना, एवढं तरी वाचा," गोकुळनं हात जोडले. "शेवटची सभा आहे. बाकी काही मागत नाही."

नानांनी कागद घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. मग बोलायला उभे राहिले. पाण्याबद्दल बोलले. शाळकरी मुलींच्या सकाळच्या एसटीबद्दल बोलले, ती बंद झाल्यापासून किती जणींनी शाळा सोडली त्यांची नावं त्यांना पाठ होती. आणि मग म्हणाले, "भैय्यांनी पुलाचं काम चांगलं करून घेतलं. चांगल्याला चांगलं म्हटलं पाहिजे."

व्यासपीठामागं गोकुळ खाली बसला.

गल्लीपलीकडून भैय्यांचा आवाज येत होता. खोटं कशाला बोलू, बोलणं जोरदार होतं. "परवा सकाळी आठच्या आत ज्याच्या बोटाला शाई लागली नाही, त्यानं माझ्या दारात यायचं नाही! मी वही घेऊन बसणार आहे! तुम्ही सगळे मत टाकून येईपर्यंत मी पाण्याचा थेंब घेणार नाही!" टाळ्या, शिट्ट्या. नानांच्या सभेतली मागची माणसं एकेक करत गल्लीच्या तोंडाशी सरकली. त्यात नानांच्याच गावच्या मजूर बायकांचा घोळका होता. त्यांची म्होरकी जिजाबाई, साठीची, नऊवारीचा काचा मारलेली, मोठ्या आवाजाची.

मी तिच्यामागं गेले. "मावशी, तुम्ही नानांच्या ना? इकडं कशाला?"

"ऐकाले भैय्या, पोरी. मत नानाले."

"नाना चांगले नाहीत का बोलत?"

"नाना म्हंजे सोनं शे," ती म्हणाली. "पन सोनानी कुदय कोन करस?"

सोन्याची कुदळ कोण करतं. मी ते वहीत लिहून घेतलं. आमच्या कॉलेजातल्या एका चर्चासत्रात इतकं नेमकं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

परतताना वैशालीनं जीपमध्ये नानांना विचारलं, "कागद का नाही वाचला?"

"त्यातलं सगळं खरं होतं," नाना म्हणाले. "पण भैय्याची माणसं आणि आपली माणसं परवानंतर एकाच विहिरीवर मोटर चालवणार आहेत."

मतदान

माझं नाव कराडच्या यादीत, त्यामुळं त्या दिवशी मला तसं काही काम नव्हतं. नानांनी मला बजावलं होतं, "तू पाहुणी. मतदान केंद्राच्या दिशेनं फिरकायचंसुद्धा नाही." मी माईंबरोबर, म्हणजे वैशालीच्या आईबरोबर, वावरात गेले. माई सकाळी सातला मत देऊन आल्या होत्या. त्या सांगत होत्या, केंद्रावर पहिली रांग सगळी भैय्यांच्या माणसांची होती. अंघोळ करून, गंध लावून, सणाला आल्यासारखी.

पहाटेपासून आभाळ आलं होतं. नोव्हेंबरात इथं कपाशी फुटलेली असते, झाडाझाडावर पांढरे गोळे. त्यावर पाऊस पडला तर कापूस काळा पडतो. शेजारच्या वावरात जिजाबाईची टोळी वेचणीला लागली होती. कमरेला ओटी बांधलेल्या चाळीसेक बायका, दोन्ही हातांनी भराभर.

माई बांधावरून ओरडल्या, "जिजा! मत दिलं का?"

"जासूत ना माई, सांजले जासूत. आभाय इयेल शे, कपाशी भिजी जाई."

"अगं, आधी मत द्यायचं ना!"

"नाना काय रागावतस का?" जिजाबाई मान वर न करता म्हणाली. "भैय्या रागावस. नाना समजी लेतस."

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. अगदी मनापासून, कौतुकानं. मला तेव्हा ते किती गोड वाटलं! माई मात्र बांधावरच बसून राहिल्या. त्या दर तासाला उठून विचारायच्या आणि दर वेळी तिकडून उत्तर यायचं, "एवढी तास व्हऊ द्या माई," म्हणजे एवढी ओळ होऊ द्या. बायका माईंना मधूनमधून पाणी प्यायला बोलवत होत्या, त्यांच्या भाकरीतली अर्धी मला देत होत्या. लसणाची चटणी आणि भाकरी. अशी चव मला पूर्ण प्रवासात दुसरी लागली नाही.

साडेपाचला त्या निघाल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कापसाचे गठ्ठे आणि गठ्ठ्यांवर बायका. वाटेत ट्रॉली एका खड्ड्यात अडकली. सगळ्या उतरल्या, ढकलायला लागल्या, हसत होत्या, एकमेकींना शिव्या देत होत्या. गावाच्या शाळेपाशी पोचल्या तेव्हा सहा वाजून गेले होते आणि फाटक बंद झालं होतं. आत रांगेत असलेल्यांनाच मत देता येणार होतं. जिजाबाईनं पोलिसाला विनवलं, मग भांडली, मग ट्रॉलीकडे परतली.

आभाळ आलं तसं गेलं. पावसाचा एक थेंब पडला नाही.

धुळे

निकालाला दोन दिवस होते. वैशाली मला धुळ्याला घेऊन गेली, दुकान उघडायचं म्हणून, आणि खरं म्हणजे घरात बसवत नव्हतं म्हणून. तिनं मला शेवभाजी खाऊ घातली. मी हॉटेलवाल्याला ऐटीत म्हटलं, "आम्ही कराडचे, तिखट द्या." वाटीवर लाल तेलाचा बोटभर थर आणि त्यात जाड शेव. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, चौथ्याला उचकी. हॉटेलवाला पाणी देत म्हणाला, "अक्का, हे मध्यम होतं."

गल्ल्यापाशी बसलेला एक म्हातारा चर्चा करत होता, की चांगल्या माणसाला लोक घरी बोलावतात आणि विधानसभेत भांडखोराला पाठवतात, कारण तिथं भांडायचंच असतं. दुसरा म्हणाला, तसं नाही, शेजारच्या तालुक्यात एक साधा माणूस तीनदा निवडून आला. पहिला म्हणाला, "साधा, पण मतदानाच्या दिवशी पहाटे चारला दारं वाजवतो." मी माझ्या साडेचार पानांबद्दल काही बोलले नाही. उचकी चालूच होती.

मतमोजणीच्या दिवशी आम्ही दुकानातच होतो. दुपारपर्यंत नाना थोडे पुढे, मग थोडे मागे. गोकुळ मोजणी केंद्रावरून फोन करत होता. शेवटच्या फेरीत नाना पडले, आणि तेही थोडक्यात. नंतर गोकुळनं गावोगावचे आकडे वैशालीला वाचून दाखवले. भैय्यांच्या बाजूच्या गावांत मतदान भरभरून झालं होतं. जी गावं नानांची म्हणून ओळखली जायची, तिथंच मतदान कमी. एक जिजाबाईचीच टोळी नव्हती तर. त्या दिवशी आभाळ सगळ्या तालुक्यावर होतं.

वैशाली म्हणाली, "लोकांनी नानांना नाकारलं नाही गं. त्यांनी नानांना उद्यावर टाकलं." आणि कुणीतरी खोकल्याचं औषध मागायला आलं, तर तिनं डोळे पुसून ते दिलं, दिवसातून किती वेळा घ्यायचं तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, अंगणात

आम्ही दोघी रात्रीच गावी परतलो होतो. सकाळी आठला जिजाबाई आणि तिची टोळी अंगणात आली. कुणी कामावर गेलं नव्हतं. माईंनी सतरंजी टाकली. बायका डोक्यावर पदर घेऊन, खाली बघत बसल्या. नाना ओट्यावर होते.

"चहा टाक गं," ते माईंना म्हणाले. सवयीनं.

"चहा नको, नाना," जिजाबाई म्हणाली. "आमले वाटनं, तुम्ही येनारच. बठ्ठाच म्हनेत, नाना येनारच. आम्ही चाळीस जनी नही गऊत ते काय व्हस, असं वाटनं."

नाना ओट्याच्या कडेला येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "हात दाखवा."

बायकांना कळेना.

"डावा हात. दाखवा!"

तो आवाज मी ऐकला नव्हता. वैशाली स्वयंपाकघरातून बाहेर आली, म्हणजे तिनंही तो ऐकलेला नसणार. चाळीस हात वर आले. कापसाच्या बोंडांनी ओरखडलेले आणि एकाही बोटाला शाई नसलेले.

"मी पडलो त्याचं मला काही नाही," नाना म्हणाले. आवाज चढत होता. "भैय्या निवडून आला, चांगलंय, तो त्याचं काम करेल. पण तुम्ही मतच दिलं नाही? जिजा, तुझी नात सकाळच्या एसटीवाचून घरी बसली. तू कुणाला तरी मत द्यायला नको होतंस का? भैय्याला दे! नोटाला दे! पण जा तर खरं! नाना समजून घेतात म्हणे! मी काय समजून घ्यायचं यात? मला राग आलाय!"

गोकुळ दारात उभा राहून बघत होता, मोठे डोळे करून. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी मान हलवून 'बरोबर' म्हणाले. जरा मोठ्यानं म्हणाले.

नाना माझ्याकडं वळले.

"आणि प्राध्यापक, तुझं बोट?"

मी हात ओढणीखाली घेतला. "नाना, माझं मत कराडला आहे."

"मतदान तर सगळ्या राज्यात एकाच दिवशी होतं."

"हो, पण आमच्याकडं कोण येणार ते ठरलेलंच होतं..."

"कुणी ठरवलं?"

राज्यशास्त्राची एम.ए., पेपरात साडेचार पानं. माझं बोट त्या चाळीस बोटांइतकंच कोरं होतं, आणि माझ्या कपाशीवर तर आभाळही आलेलं नव्हतं.

जिजाबाई सतरंजीवर थोडी सरकली. शेजारची जागा हातानं साफ करून म्हणाली, "ये पोरी, आठे बस. तू बी आमनामानीच शे."

आमच्यातलीच. मी ओट्यावरून उतरले आणि तिच्याजवळ जाऊन बसले. नाना पुढं अर्धा तास बोलले, कुणाचंही नाव न घेता, पण आम्हा एकेकीकडे बघून, आणि एकही बाई हलली नाही. त्यांच्या सबंध प्रचारात मी असं भाषण ऐकलं नव्हतं. मधेच जिजाबाई माझ्या कानाशी लागून कुजबुजली, पण तिचं कुजबुजणं ते, सगळ्या अंगणाला ऐकू गेलं.

"हाई बोलनं नाना जर पंधरा दिन पहिले बोलतात ना, ते आम्ही कपाशी भिजू देतूत!"